ठेकेदार बदलला तरी भरलेले दिवस तुमचेच

पत्र (जरा कापून देतोय): "नमस्कार. मी सिडकोत उत्तमनगरला राहते. अंबड एमआयडीसीत स्विचगिअरच्या असेंब्ली लाइनवर सहा वर्षं काम केलं. कंपनी तीच पण ठेकेदार तीन झाले. ३१ मेला सुपरवायझर म्हणाला ऑर्डर नाही, उद्यापासून येऊ नका, आणि एका इंग्रजी कागदावर सगळ्या बायकांच्या सह्या घेतल्या. मिस्टर रिक्षा चालवतात, दोन मुलं. आता ऐकलंय की ईएसआयवाल्यांना काम सुटलं की अर्धा पगार मिळतो. पण शेजारचे काका म्हणतात त्यांना २०१९ ला नाही म्हणून परत पाठवलं, एक जण म्हणतो दहा वर्षं भरलेली लागतात, आणि एचआर म्हणतो दिवाळीला तुमचा पगार २१ हजाराच्या वर गेला होता तेव्हाच तुम्ही ईएसआयमधून बाहेर गेलात. मधे ठेकेदार बदलला तेव्हा मुलगा आजारी होता, मी साडेतीन महिने घरीच होते, त्याचाही प्रॉब्लेम होईल का? मला मिळेल का नाही ते सरळ सांगा."

ताई, सरळच सांगतो. तुम्ही जे लिहिलंय ते रेकॉर्डला तसंच असेल तर तुम्ही बसता. पण बसता की नाही हे काका, एचआर किंवा मी ठरवत नाही, ते तुमच्या ईएसआयच्या (कामगार राज्य विम्याच्या) आयपी नंबरवर, म्हणजे विमा क्रमांकावर, कुठल्या सहामाहीत किती दिवस आणि किती पगार चढलाय त्यावर ठरतं, म्हणून आधी ते रेकॉर्ड हातात घ्या आणि मगच कोणाशी वाद घाला. मी इथेच नाशिकला, सातपूरला टाइम ऑफिसात बसून ईएसआयची चलनं भरण्यात बरीच वर्षं घालवली, त्यामुळे समोरचा माणूस कुठे गोल गोल बोलतोय ते मला कळतं, आणि तुमच्या एचआरचं ते २१ हजारवालं बोलणं तर अगदीच गोल आहे, त्यावर येतोच.

तुम्ही ऐकलंय त्या योजनेचं नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. १ जुलै २०१८ ला प्रायोगिक म्हणून सुरू झाली आणि तेव्हापासून मुदतवाढीवर मुदतवाढ घेत चाललीय, त्यामुळे काउंटरवर गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारायचा की माझी ३१ मे ही तारीख चालू मुदतीत येते ना. सुरुवातीला सरासरी रोजाच्या (दिवसाच्या पगाराच्या) २५ टक्केच मिळायचे, २४ मार्च २०२० पासून ते ५० टक्के झाले. जास्तीत जास्त ९० दिवस, तेही आख्ख्या आयुष्यात एकदाच. म्हणजे "अर्धा पगार" हे खरंय पण तीनच महिने, आणि तो अर्धाही कसा काढतात ते बघितलं की तोंड जरा कडू होतं.

आधी अट बघू. ईएसआयचं वर्ष दोन सहामाह्यांत चालतं, १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. काम सुटायच्या आधीची दोन वर्षं घ्यायची, म्हणजे चार सहामाह्या. त्यातली अगदी शेवटची, काम सुटण्याआधी पूर्ण झालेली जी आहे, तिच्यात कमीत कमी ७८ दिवस भरलेले पाहिजेत, आणि उरलेल्या तिनांपैकी कुठल्याही एकीत ७८. बस. महिन्याला २६ हजेरी धरली तर सहा महिन्यांचे १५६ होतात, त्याचे निम्मे ७८. आणि दिवस म्हणजे ज्याचा पगार लागला तो दिवस, पगारी सुट्टी घेतली असेल तर तीही त्यात धरली जाते, फक्त पंच केलेलेच दिवस मोजायचे असं नाही.

आता तुमचं मांडा. काम सुटलं ३१ मेला, त्याआधी संपलेली सहामाही ऑक्टोबर ते मार्च, त्यात तुम्ही सलग होता, ७८ आरामात. त्याआधीची एप्रिल ते सप्टेंबर, तीही सलग. झालं की, दोन पाय टेकले. तुम्ही घरी होता तो काळ त्याच्याही आधीच्या ऑक्टोबर-मार्चमधला, तुमच्या पत्रावरून नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य, म्हणजे त्या सहामाहीत साधारण साठ-पासष्ट दिवस भरले असतील, ७८ च्या खाली. पण ती सहामाही नापास झाली म्हणून तुम्ही नापास होत नाही.

आणि काकांचं कोडं इथेच सुटतं. २०१९ ला नियम होता की चारही सहामाह्यांत, प्रत्येकीत, ७८ पाहिजेत. एका सहामाहीत ७७ असले तरी परत पाठवायचे. काका खोटं बोलत नाहीयेत, त्यांना खरंच नाही म्हणाले असतील, पण तो नियम २०२० मध्ये सैल झाला आणि लोक अजून जुन्याच अनुभवावरून एकमेकांना घरी बसवतायत. त्या दहा वर्षंवाल्याला सोडून द्या, तो पीएफच्या पेन्शनची अट इकडे घेऊन आलाय, दोन वेगळी खाती आहेत.

आता एचआर. पगार २१,००० च्या वर गेला की ईएसआयमधून बाहेर, ही मर्यादा खरी, १ जानेवारी २०१७ पासून आहे. पण ती मर्यादा बघताना ओव्हरटाइम (ओटी) धरत नाहीत! ओटीवर ईएसआय कापला असला तरी माणूस आत की बाहेर हे ठरवताना ओटी बाजूला ठेवायचा. आणि दिवाळीचा वार्षिक बोनस तर पगारात येतच नाही. तुमचा ग्रॉस साडेसोळा हजार, वर दिवाळीची ओटी आणि बोनस मिळून आकडा २१ च्या वर गेला असेल, त्याचा अर्थ तुम्ही बाहेर गेलात असा अजिबात होत नाही. आणि समजा खरोखर पगारवाढ होऊन कोणी २१ च्या वर गेलं तरी चालू सहामाही संपेपर्यंत कपात चालूच ठेवावी लागते, मधेच एका महिन्यात नाव काढता येत नाही. तुमच्या नोव्हेंबर-डिसेंबरच्या स्लिपा काढा आणि ईएसआयच्या रकान्यात काही आहे का बघा. कपात दिसतेय तर एचआरचं बोलणं तिथेच मिटलं. कपात नाहीये तर त्याने तुम्हाला चुकीचं बाहेर काढलंय आणि ती तक्रार करायची.

तीन ठेकेदारांचं बघा. आयपी नंबर म्हणजे तुमचा सातबारा समजा, कसणारा बदलला तरी गट नंबर तोच राहतो. एका माणसाला जन्मभर एकच नंबर, नवा ठेकेदार आला की त्याने जुना नंबर टाकून तुम्हाला त्याच्या कोडखाली घ्यायचं असतं. पण घाईत किंवा आळसात काही ठेकेदार नवाच नंबर काढतात, मग तुमची साडेचार वर्षं एका नंबरवर आणि दीड वर्षं दुसऱ्यावर, आणि क्लेम टाकला की सिस्टीम म्हणते या नंबरवर दोन वर्षंच होत नाहीत. सिडको-अंबडच्या ठेक्यातल्या लोकांचं इथेच अडतं, दिवस कमी पडण्यापेक्षा जास्त. तर घरातली सगळी ईएसआय कार्डं, जुनं नवं जे काय असेल ते, काढून नंबर जुळतात का बघा. दोन वेगळे निघाले तर दोन्ही घेऊन शाखा कार्यालयात अर्ज द्या की हे एकाच बाईचे आहेत, एक करा. हे झाल्याशिवाय क्लेम टाकू नका, नाहीतर रिजेक्शन पडतं आणि ते निस्तरत बसावं लागतं.

पैशाचं. चार सहामाह्यांत तुमच्या नावावर जेवढा एकूण पगार दाखवलाय तो घ्यायचा आणि ७३० ने भागायचा, तो तुमचा सरासरी रोज. त्याचा निम्मा. हिशोब सोपा जावा म्हणून समजू की ओटी धरून तुमची दोन वर्षांची बेरीज ३,६५,००० झाली. भागिले ७३०, रोज ५०० रुपये. निम्मे २५०. नव्वद दिवसांचे २२,५००. आता यातली मेख बघा, तुम्ही साडेतीन महिने घरी होता तरी भागायचं ७३० नेच आहे, काम केलेल्या दिवसांनी नाही, म्हणून तुमचा रोज खऱ्या रोजापेक्षा कमी दिसतो. मला हे पटत नाही, माणूस आजारपणात घरी बसला त्याची किंमत दोनदा घेतल्यासारखं आहे, पण हिशोब असा आहे.

त्याहून मोठी गळती म्हणजे ठेकेदाराने पगारच कमी दाखवणं. हातात साडेसोळा, चलनावर अकरा, हा उद्योग जोरात चालतो. तो पकडायला वकील नको. कामगाराची कपात शंभराला ७५ पैसे असते (मालकाची सव्वातीन टक्के, ती वेगळी, ती तुमच्या पगारातून कापायची नसते). म्हणजे १६,५०० वर १२४ रुपये कापले पाहिजेत. तुमच्या स्लिपवर ८३ दिसतायत? मग तो ११,००० वर भरतोय, आणि तुमचा भत्ताही त्याच ११,००० वर निघणार. तेव्हा स्लिपवर कपात कमी दिसली की बरं वाटायचं, हातात चाळीस रुपये जास्त आले म्हणून, ते आत्ता असं अंगावर येतं.

आणि कधी कधी कापतात पण भरतच नाहीत. मागच्या महिन्याचं चलन पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचं असतं, ठेका सुटायच्या बेतात असला की शेवटचे दोन-तीन महिने ठेकेदार गायब. घाबरू नका, योजनेची अट "भरलेली किंवा भरणं लागू असलेली" वर्गणी अशी आहे, मालकाने बुडवली म्हणून तुमचे दिवस बुडत नाहीत, पण ते तुम्हाला स्लिपा आणि बँकेतल्या पगाराच्या एंट्र्या दाखवून सांगावं लागेल. आणि ठेकेदार सापडत नसेल तर ज्या कंपनीच्या गेटमधून तुम्ही आत जात होता ती मूळ मालक म्हणून जबाबदार आहे, ठेकेदाराच्या माणसांची ईएसआय भरायची जबाबदारी कायद्याने आधी तिच्यावर येते, मग तिने ठेकेदाराकडून वसूल करावी. "तुम्ही आमच्या रोलवर नाही" हे उत्तर ईएसआयच्या बाबतीत चालत नाही.

आता तो इंग्रजी कागद. मला सगळ्यात जास्त काळजी त्याची आहे. योजनेत लिहिलंय की गैरवर्तनाच्या शिक्षेने काढलेलं नसावं, वयाने निवृत्त झालेलं नसावं आणि स्वेच्छानिवृत्ती घेतलेली नसावी, आणि बेकायदा संप किंवा टाळेबंदीतला काळ बेकारीत धरत नाहीत. तुमचं यातलं काहीच नाही. पण त्या कागदावर "पर्सनल रीझन, स्वखुशीने काम सोडते" असं छापलेलं असण्याची शक्यता भरपूर आहे, सह्या एकगठ्ठा घेतात तेव्हा बहुतेक तेच असतं. ठेकेदार महिन्याचं ऑनलाइन भरताना ज्याची हजेरी शून्य आहे त्याच्यापुढे कारण निवडावं लागतं, त्या यादीत "लेफ्ट सर्व्हिस" (नोकरी सोडली) पण आहे, "रिट्रेंचमेंट" (कामगार कपात) पण आहे आणि "नो वर्क" (काम नाही) पण आहे. कोणतं टाकायचं ते तो स्वतःच्या सोयीने ठरवतो, आणि रिट्रेंचमेंट टाकलं तर नुकसानभरपाई द्यावी लागते म्हणून ते कोणी हौसेने टाकत नाही. तुमची शेवटची तारीखही तोच टाकतो, ती ३१ मे टाकली का बघा, कारण पुढची सगळी मोजणी त्या तारखेपासून.

म्हणून याच आठवड्यात एक साधं मराठी पत्र लिहा, ठेकेदाराला आणि कंपनीला दोघांना, स्पीड पोस्टाने, पावती जपून ठेवा. एवढंच लिहायचं: "३१ मे रोजी ऑर्डर नसल्याचे सांगून मला कामावर येऊ नका असे सांगण्यात आले. मी स्वतःहून काम सोडलेले नाही. त्या दिवशी सही घेतलेल्या कागदाची प्रत मला द्यावी." जास्त रडगाणं नको, शिव्या नकोत. सुपरवायझरने लाइनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "उद्यापासून बंद" टाकलं असेल तर त्याचा स्क्रीनशॉट आजच काढा, हे लोक मेसेज डिलीट करतात. लाइनवरच्या बाकीच्या बायकांनीही असंच पत्र दिलं तर वजन वेगळंच पडतं. आणि त्याची एक प्रत कामगार उपायुक्तांच्या ऑफिसला द्या, सातपूरला आयटीआय सिग्नलजवळ उद्योग भवनात, आवक शिक्का मारून घ्या.

हा खटाटोप फक्त २२,५०० साठी नाहीये. ईएसआयची दुसरी एक जुनी योजना आहे, २००५ ची, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना. कारखाना बंद पडला, कायदेशीर कामगार कपात झाली किंवा कामाशी संबंध नसलेल्या कारणाने निदान ४० टक्के कायमचं अपंगत्व आलं, तर ती लागू होते, आणि तिच्यात पहिले १२ महिने ५० टक्के आणि पुढचे १२ महिने २५ टक्के मिळतात. कुठे तीन महिने आणि कुठे दोन वर्षं! तुमची सहा वर्षं भरलेली आहेत त्यामुळे कालावधीची अट तुम्हाला आडवी येत नाही, आडवा येतो तो कागद. स्वखुशीने सोडलं म्हणलं की ती कामगार कपात राहत नाही, कामगार कपात राहिली नाही की ही योजनाही गेली आणि भरपाईही गेली, जी वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार याप्रमाणे निघते (वर्ष म्हणजे २४० दिवस भरलेलं वर्ष). दोन्ही योजनांचे पैसे एकाच काळासाठी मिळत नाहीत, म्हणून कामगार ऑफिसला आधी विचारून घ्या की तुमच्या लाइनचं प्रकरण कामगार कपातीत बसवता येतं का. बसत असेल तर ती मोठी वाट धरा, नसेल तर अटलवाली आहेच.

अर्ज करायचा कसा, ते फार अवघड नाही. ईएसआयच्या पोर्टलवर तुमच्या आयपी नंबरने लॉगिन करायचं, तिथेच तुमची वर्गणी महिनावार दिसते, ती प्रिंट काढा, आणि तिथेच या योजनेचा क्लेम भरता येतो. प्रिंटवर सही करून, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स लावून शाखा कार्यालयात द्या. पूर्वी मालकाच्या हातून पाठवावा लागायचा, स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र लागायचं, आता ते दोन्ही गेलं, तुम्ही स्वतः देऊ शकता. काम सुटून ३० दिवस झाले की अर्ज चालतो आणि एक वर्षाच्या आत करावाच लागतो. क्लेम पूर्ण महिन्यांचा होतो, पुढच्या तारखांचा ॲडव्हान्समध्ये नाही. तुमचे जून-जुलै होऊन गेलेत, म्हणजे मुदतीची भीती नाही, त्यामुळे आधी नंबर आणि कागद नीट करा, मग टाका. मधे दुसरीकडे काम लागलं तर घ्या, भत्त्यासाठी थांबू नका.

पैसे थेट खात्यात येतात, आणि इथे बायकांची एक नेहमीची अडचण. आधारवर सासरचं नाव, ईएसआयला माहेरचं, पासबुकावर तिसरंच काहीतरी. तिन्ही एकसारखी करा, खातं आधारशी जोडलेलं आणि तुमच्याच नावाचं हवं, मिस्टरांचं नको. कोणी एजंट "फॉर्म भरून देतो, पाचशे द्या" म्हणाला किंवा मोबाइलवर बेरोजगार भत्त्याची लिंक आली तर सरळ नाही म्हणा, या क्लेमला फी नाहीये.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही पण सांगतो. काम सुटलं म्हणून ईएसआयचं कार्ड फेकून देऊ नका. ऑक्टोबर-मार्चमध्ये जी वर्गणी भरली तिचा औषधोपचाराचा हक्क पुढच्या जुलै ते डिसेंबरमध्ये चालतो, म्हणजे आत्ता चालू आहे. मुलाचं आजारपण अजून सुरू असेल तर त्याला त्र्यंबक रोडला ईएसआय हॉस्पिटलला दाखवा, खासगीत पैसे घालवू नका. काउंटरवर "तुमचं काम बंद दिसतंय" म्हणाले तर वर्गणीची तीच प्रिंट पुढे करायची.

प्रिंट हातात आली की मला चार सहामाह्यांचे दिवस आणि चारही बेरजा लिहून पाठवा, आणि त्या इंग्रजी कागदाची प्रत मिळाली तर तिचा फोटो, त्यात काय लिहिलंय ते मराठीत सांगतो.